वर्डची फाईल पुढे पाठवायच्या आधी ट्रॅक चेंजेस नीट कसे काढायचे

ट्रॅक चेंजेस म्हणजे फाईलमध्ये कोणी काय खोडलं, काय घातलं याची वर्ड लाल रेघांनी ठेवत असलेली नोंद. रिव्ह्यू टॅबवर नो मार्कअप केलं की या लाल रेघा गायब होतात, फाईल एकदम स्वच्छ दिसते, आणि इथेच बरेच जण फसतात. ती नुसती बघायची सेटिंग आहे. खोडलेलं वाक्य, कोणी खोडलं, कधी खोडलं, सगळं फाईलमध्ये तसंच असतं आणि समोरच्याने ऑल मार्कअप केलं की सगळं त्याच्यापुढे उघडं. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येच्या चौकशीचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल वर्ड फाईल म्हणून बाहेर गेला तेव्हा हेच झालं, सीरियातल्या बड्या लोकांची ऐनवेळी काढलेली नावं ट्रॅक चेंजेसमधून सगळ्या जगाने वाचली.

तर आधी फाईलची कॉपी करून ठेवा, पुढचं सगळं कॉपीवरच करायचं. मग ऑल मार्कअप लावा आणि शो मार्कअपमध्ये सगळ्यावर टिक आहे ना बघा, स्पेसिफिक पीपलमध्ये सुद्धा. एखाद्याचं नाव तिथे बंद असेल तर त्याचे बदल दिसणारच नाहीत, आणि ॲक्सेप्ट ऑल चेंजेस शोन हा पर्याय फक्त दिसणारेच बदल घेतो, बाकीचे मागे राहतात.

आता ॲक्सेप्ट की रिजेक्ट. कोणी मजकूर खोडलाय आणि तुम्ही ॲक्सेप्ट केलं तर तो कायमचा जातो, रिजेक्ट केलं तर परत येतो, घाईत इथे हमखास उलटं होतं. करारनामा असेल तर रक्कम, तारखा, मुदत हे बदल एकेक करून बघाच प्लीज, स्पेलिंग आणि स्वल्पविराम मग एकदम ॲक्सेप्ट ऑल केले तरी चालतात. ट्रॅक चेंजेसचं बटण बंद करणं म्हणजे बदल काढणं नव्हे हं, त्याने फक्त नवीन बदलांची नोंद थांबते, जुने आहेत तिथेच. कॉमेंट्स पण वेगळ्या डिलीट कराव्या लागतात, ॲक्सेप्ट केल्याने त्या जात नाहीत.

हे झालं की फाईल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट. लपवलेला मजकूर, लेखकाचं नाव वगैरे उरलेलं सगळं हे शोधून दाखवतं. पण प्रत्येक ओळीपुढचं रिमूव्ह ऑल डोळे झाकून दाबत सुटू नका, त्या यादीत हेडर-फूटर पण असतात, दाबलं की पेज नंबर सुद्धा गेले.

गुगल डॉक्समध्ये सजेशन्स न निपटवता वर्ड फाईल डाउनलोड केली तर ती ट्रॅक चेंजेस म्हणून सोबत येतात, आणि एडिट ॲक्सेस दिलेल्या माणसाला व्हर्जन हिस्टरीत जुना मजकूरही दिसतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला लिंक देण्यापेक्षा साफ केलेली फाईलच द्या. लिबरऑफिसवाल्यांनी एडिट मेनूत ट्रॅक चेंजेस, तिथे मॅनेज उघडा, सगळी यादी एका जागी मिळते.

आणि उलट बाजू, समोरून परत आलेल्या फाईलमध्ये एकही लाल रेघ नसेल तर लगेच सही करू नका, त्याने ट्रॅकिंग बंद करून गुपचूप काही बदललेलं असू शकतं. रिव्ह्यूमध्ये कंपेअर आहे, तुमची जुनी फाईल आणि त्याची नवी फाईल द्या, प्रत्येक फरक वर्ड स्वतः काढून दाखवतो.