झेब्रा माशांची पिल्लं हवीत? आधी गोट्या आणा

गप्पीला पिल्लं होतात त्यात आपलं कर्तृत्व काही नसतं. झेब्रा डॅनिओचं तसं नाही. दुकानात नुसतं 'झेब्रा' म्हणून मिळणारा हा निळ्या पट्ट्यांचा मासा अंडी घालायला आढेवेढे घेत नाही, पण घातलेली अंडी स्वतःच मटकावतो. त्यामुळे खरी खटपट असते ती अंडी वाचवण्याची.

आधी नर-मादी ओळखा. नर सडपातळ असतो आणि त्याच्या पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक दिसते. मादी चंदेरी, पोटाशी गोल. एका मादीला दोन नर असे निवडा आणि आठ-दहा दिवस त्यांना वेगवेगळं ठेवून चांगलं खाऊ घाला. डासांच्या अळ्या त्यांना फार आवडतात, पण त्यासाठी गॅलरीत पाण्याची बादली भरून ठेवू नका, डेंग्यू घरी यायचा. दुकानात मिळणारे गोठवलेले ब्लडवर्म (लालसर अळ्या) किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले झिंग्यासारखे इवलेसे जीव) पुरेसे आहेत.

त्याच दिवसांत एका बरणीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात कोबीचं एक पान टाका आणि बरणी खिडकीत ठेवा. पाणी आधी गढूळ होईल, वासही येईल. चार-पाच दिवसांनी ते निवळू लागलं की त्यात इन्फ्युसोरिया, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, भरपूर झालेले असतात. पिल्लांचा पहिला घास तोच. बहुतेकांना बरणीची आठवण पिल्लं पोहू लागल्यावर होते, तोवर उशीर झालेला असतो.

आता दहा-पंधरा लिटरची छोटी टाकी घ्या. वाळू नको. तळाला धुतलेल्या काचेच्या गोट्यांचे दोन थर द्या. अंडं जेमतेम पाऊण मिलिमीटरचं असतं आणि चिकटत नाही. ते गोट्यांच्या फटीत घरंगळतं आणि आईबापांचं तोंड तिथवर पोचत नाही. गोट्या नसतील तर मच्छरदाणीचा तुकडा तळापासून थोडा वर ताणून बसवा. पाणी गोट्यांच्या वर चार-पाच इंचच ठेवा: अर्धं जुन्या टाकीतलं, अर्धं एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं ताजं. हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या, शेतातल्या उथळ पाण्यात त्याचा विणीचा हंगाम असतो, म्हणून उथळ ताजं पाणी त्याला चालना देतं. तापमान २६-२७ अंश पुरे. पुण्या-नाशकाच्या थंडीत तेवढा हीटर लागेल.

मासे संध्याकाळी सोडा, पण नर आणि मादी यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ठेवा. प्रयोगशाळांमध्येही हीच युक्ती वापरतात. सकाळी उजेड झाला की पडदा काढा. नर मादीच्या मागे धावत सुटतात आणि अंडी दहा-वीसच्या झुबक्यांनी पडू लागतात. एका मादीची दोनशे अंडीही होऊ शकतात. पाठलाग थांबला की लगेच मोठे मासे बाहेर काढा. पहिल्या खेपेला मी चहा करायला गेलो आणि पेपर वाचत बसलो. परतलो तेव्हा मासे गोट्यांमध्ये तोंड खुपसत होते.

पांढरी पडलेली अंडी मेलेली समजा, ड्रॉपरने काढून टाका, नाहीतर बुरशी पसरते. बाकीची काचेसारखी स्वच्छ असतात. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलंत तर आत इवलंसं हृदय धडधडताना दिसतं. हे पाहायला घरातल्या मुलांना मुद्दाम बोलवा.

दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येऊन काचेवर स्वल्पविरामासारखी लटकतात. तेव्हा खायला देऊ नका, पोटाच्या पिशवीतलं पुरतं. पाचव्या दिवसाच्या सुमारास ती मोकळी पोहू लागली की बरणीतलं पाणी दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घाला. उकडलेल्या अंड्याचा बलक अनेक जण सुचवतात. मी वापरत नाही, पाणी नासतं. आठ-दहा दिवसांनी नुकतंच फुटलेलं आर्टेमिया सुरू करा. फिल्टर स्पंजचाच लावा, दुसरा फिल्टर पिल्लं ओढून घेतो.

महिन्याभरात पट्टे उमटतात. लहान-मोठी वेगळी करत राहा आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची झाली की मोठ्या टाकीत सोडा. आता ती आईबापांच्या तोंडात मावत नाहीत.