नकाराधिकार कुठे लिहिलाय?

एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे जगभरच्या बातम्यांवरची चर्चा, अशीच माझी समजूत होती. वास्तववाद, उदारमतवाद या सिद्धांतांवरची टिपणं तोंडपाठ होती. एका तासाला बाईंनी संयुक्त राष्ट्रांची सनद हातात दिली. "यात नकाराधिकार कुठे लिहिलाय, दाखव."

१११ कलमं दोनदा चाळली. तो शब्दच नाही! कलम २७ मध्ये एवढंच आहे की, कार्यपद्धतीचे प्रश्न सोडून बाकी निर्णयांना सुरक्षा परिषदेत नऊ मतं हवीत आणि कायम सदस्यांची (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) सहमतीची मतं त्यांत असावीत. म्हणजे यांतल्या एकानेही विरोधी मत दिलं की ठराव पडतो, हाच नकाराधिकार. पाच देशांची एवढी मोठी ताकद त्या एका 'सहमती'त आहे. शब्दशः वाचलं तर यांपैकी एक देश तटस्थ राहिला तरी ठराव पडायला हवा. पण पडत नाही, कारण प्रथाच तशी रुजली. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही नामिबियाविषयीच्या सल्लामतात ती मान्य केली. कायदा आणि सत्ता एकमेकांना कशी वाट करून देतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगतो, मूळ मसुदा आधी वाचा. सुरक्षा परिषदेचा नोव्हेंबर १९६७ चा ठराव २४२ घ्या. इस्रायलने त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. पण इंग्रजीत 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही, फ्रेंचमध्ये मात्र निश्चित उपपद आहे. माघार सगळ्या प्रदेशांतून की काही, हा वाद तिथूनच आजवर चालत आलाय. शब्दनिवडीचं आणखी एक उदाहरण: १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात, सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून क्यूबाकडे जाणारी जहाजं अडवताना, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 'नाकेबंदी' हा शब्द टाळून 'क्वारंटाइन' म्हटलं, कारण नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते.

सिद्धांत लागतातच, पण ते नंतर वाचले की जास्त भिडतात. नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून समोर हवा. इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा जमली तर फारच उत्तम.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर सुरक्षा परिषदेचा कुठलाही एक ठराव निवडा आणि त्या बैठकीचं इतिवृत्त काढा. ते सर्वांसाठी खुलं असतं. मतदानाच्या आगेमागे देश आपल्या मताचं कारण सांगतात. तटस्थ राहिलेल्यांची भाषणं आधी वाचा.