इन्स्टा हातचं गेलं तरी ओळख टिकावी म्हणून

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी आली आणि लाखोंचे फॉलोअर्स एका रात्रीत निरुपयोगी झाले. म्हणून माझ्या इन्स्टा अकाउंटची बांधणी मी बदलली.

आधी कुलूप. एसएमएसवरचा ओटीपी सिम-स्वॅपमध्ये (आपला नंबर चोराने स्वतःच्या सिमवर वळवून घेतला की) चोराकडे जातो, म्हणून फोनमध्येच लॉगिनचे कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अॅप लावलं आणि ते हाताशी नसताना चालणारे बॅकअप कोड कागदावर उतरवले. फोनमधला स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो! अकाउंटला जोडलेल्या ईमेललाही हेच कुलूप हवं. बहुतेक जण ते विसरतात, आणि चोर तिथूनच पासवर्ड बदलतो. 'कॉपीराइट उल्लंघन, २४ तासांत अकाउंट बंद' अशा मेसेजमधल्या लिंकवर लॉगिन करायचं नाही. खरी सूचना अॅपच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस'खाली दिसते.

मग माल, म्हणजे आपले फोटो-रील्स. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स सेंटर'मधून माहिती डाउनलोड करताना कालावधी 'ऑल टाइम' आणि मीडियाचा दर्जा 'हाय' निवडतो, नाहीतर जुन्या रील्स राहून जातात. त्यात फॉलोअर्सची फक्त युजरनेम मिळतात, ईमेल नाहीत. म्हणून बायोमध्ये स्वतःच्या डोमेनची (वेबसाइटच्या पत्त्याची) लिंक आणि तिथे ईमेलचा साधा फॉर्म. डोमेन मात्र स्वतःच्याच नावावर घ्यावं, वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे.