घोटा सुजलेला होता, मी स्प्रे मारून उतरलो

पहिल्या वर्षी कॉलेजकडून माझा फुटबॉलचा अख्खा सीझन ५२ मिनिटांचा झाला. जुलैत ट्रायल दिली, पुढे अडीच महिने सकाळी सहाला ग्राउंडवर. पावसाळ्यात कोल्हापूरच्या मातीत सराव म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, बूट धुण्यातच अर्धा जीव जातो. आणि एवढं करून विभागीय स्पर्धेची पहिलीच मॅच आम्ही १-० हरलो. गोल माझ्या बाजूनं गेला. तो का गेला, हे सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय.

शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा असे विभाग. आधी विभागीय, मग आंतरविभागीय, तिथल्या खेळावरून विद्यापीठाचा संघ, आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथं महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशची विद्यापीठं असतात. हे तुम्हाला माहीतच असेल. मला माहीत असूनही कळलं नव्हतं ते एवढंच, की ही बाद फेरी आहे. पेठेतल्या संघाकडून खेळणाऱ्या पोराला लीगची सवय असते. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, कुणाचीही मॅच घ्या, आज हरले तरी पुढच्या मॅचला शाहू स्टेडियमवर परत उतरतात. हिवाळ्यात सुरू झालेला तो सीझन उन्हाळ्यापर्यंत चालतो. कॉलेजचा एका दुपारी संपतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ लागतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण दहावी-बारावीच्या मार्कलिस्टवर आणि कॉलेजच्या आयडीवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते ट्रायलच्या आधी नीट करून घ्या. जिमखान्यातल्या क्लार्कशी गोड बोला. सरांपेक्षा तोच जास्त उपयोगी पडतो, हे माझं ठाम मत आहे.

आता मूळ मुद्दा.

मॅच शुक्रवारी होती. मंगळवारी रात्री एका टर्फवर सेव्हन-ए-साइडची स्पर्धा होती आणि गल्लीतल्या मित्रांना एक खेळाडू कमी पडत होता. बक्षीस होतं, वर मटणाचं जेवण. मी गेलो. पायात मातीवरचेच बूट, लांब स्टडचे. कृत्रिम गवतात असे स्टड रुततात. शरीर वळतं, पाऊल वळत नाही. दुसऱ्या हाफमध्ये मी डावीकडं वळलो आणि उजवा घोटा बाहेरच्या बाजूला मुडपला. ‘कट्’ असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. घरी पोचेपर्यंत घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं आणि सकाळी त्याच्याखाली जांभळट डाग उतरला होता.

इथून पुढं मी एकामागून एक सगळं चुकीचं केलं. बुधवारी तालमीतल्या एका वस्तादांकडे गेलो. माणूस देवासारखा, जोर-बैठका त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी गरम तेलानं घोटा रगडला. पहिल्या दोन दिवसांत शेक आणि रगडणं म्हणजे आतली सूज आणखी वाढवणं. त्यांना ते माहीत नव्हतं, मला तर कशाचाच पत्ता नव्हता. “काय हुतंय मर्दा, पाय गरम झाला की दुखत न्हाई,” म्हणाले. आणि खरंच, रगडून झाल्यावर तासभर दुखलं नाही. मी त्यालाच बरं होणं समजलो.

सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बसवलं असतं, आणि राइट बॅकला, म्हणजे बचावात उजव्या बाजूला, माझ्या मागं एक चांगला पोरगा वाट बघत होता. गुरुवारी हलका सराव होता, त्यात सरळ धावून दाखवलं. सरळ धावता येतं हो! लचकलेला घोटा सरळ धावताना बऱ्यापैकी साथ देतो, तीच फसवणूक आहे. खरी परीक्षा जिना उतरताना होते. शुक्रवारी सकाळी कॉलेजचा जिना उतरताना मी कठडा धरला. शरीर सांगत होतं, मी ऐकलं नाही. मॅचच्या आधी थंड स्प्रे मारला, क्रेप बँडेज गुंडाळलं, वर मोजा ओढला.

स्प्रेनं फक्त कातडी बधिर होते. तुटलेला तंतू जोडला जात नाही. त्याहून वाईट म्हणजे पाऊल कुठं, किती कलतंय याची मेंदूला जी खबर जाते, ती लचकेनंतर उशिरा जायला लागते. ५२ व्या मिनिटाला त्यांचा विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारा खेळाडू, बाहेरून आत वळला. मला उजव्या पायावर जोर देऊन वळायचं होतं. जोर दिला आणि खाली पाय नव्हताच. मी बसलो, तो पुढं गेला, गोल. मला उचलून बाहेर नेलं. सर काही बोलले नाहीत. मोजा खाली केल्यावर बँडेजकडं बघून नुसते उठून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घाबरू नका, घोटा लचकणं म्हणजे करिअर संपणं नव्हे. फुटबॉलमध्ये हे होतंच. आधी एवढं बघा: लचकल्यावर चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला किंवा टोकाला दाबलं तर कळ येते का. पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर कळ येत असेल तर सरळ एक्स-रे. वस्ताद नाही, मित्र नाही, व्हिडिओ नाही. हाड शाबूत असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दाब देणारं बँडेज. आणि पाय उशीवर. मग दुखणं झेपेल तसं हळूहळू हलवायला घ्या.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून कुणी करत नाही. अंगठ्यानं हवेत बाराखडी लिहायची. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, तीस सेकंद, मग डोळे मिटून. टाचा उचलायच्या. एका पायावर उड्या. मग आठाच्या आकड्यात धावणं, शेवटी अचानक दिशा बदलणं. मी हे तीन आठवड्यांनी सोडून दिलं आणि जानेवारीत तोच घोटा पुन्हा गेला. एकदा लचकलेला घोटा पुन्हा लचकायला टपलेलाच असतो. दुसऱ्या वेळी मात्र फिजिओनं सांगितलेलं सगळं तीन महिने मुकाट्यानं केलं. दोन तपासण्यांचे पैसे आईकडून घेतले, खोटं कारण सांगून.

दुसऱ्या वर्षी आम्ही आंतरविभागीयपर्यंत गेलो. तिथं उपांत्य सामना टायब्रेकरवर हरलो. माझी विद्यापीठ संघात निवड झाली नाही, शिबिराच्या यादीत नाव होतं तेवढंच. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हापासून इथल्या प्रत्येक पोराला आपलाही नंबर लागेल असं वाटतं. वाटू दे. पण अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत लहानपणीच गेला होता. आपण अठराव्या वर्षी शिस्त शिकतोय. आणि नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची स्वप्नं कुणी दाखवली, तर त्याला आधी शासन निर्णय उघडून वाचायला सांगा.

सीझनच्या दोन आठवडे आधी बाहेरची एकही मॅच नको. पैसे, मटण, दोस्ती, कशासाठीच नाही. मित्र चार दिवस बोलणार नाहीत, मग बोलतात.

गेल्या सप्टेंबरात कॉलेजच्या ग्राउंडवर पोरांचा सराव बघायला गेलो होतो. पहिल्या वर्षाचा एक पोरगा उकाड्यातही एकच मोजा गुडघ्यापर्यंत ओढून बसला होता. विचारलं तर म्हणाला, “काही नाही दादा, सवय आहे.” मी म्हटलं, गॅलरीच्या वरच्या पायरीवर माझी बाटली राहिलीय, जरा घेऊन ये. चढला पटकन. उतरताना त्यानं कठडा धरला.

“बूट काढ,” म्हटलं.