शब्दांविना भिडणारे चित्रपटसंगीत कसे ऐकावे

चित्रपटातील एखादी सुरावट ऐकून डोळे भरून आले, तर त्याचे कारण शोधण्यासाठी संगीताचे शिक्षण झालेले असलेच पाहिजे असे नाही. तोच प्रसंग तीनदा अनुभवावा : प्रथम आवाज पूर्ण बंद करून केवळ दृश्य पाहावे, नंतर पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकावे आणि शेवटी दोन्ही एकत्र घ्यावे. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण सूर एकदा कानात बसले की मुके दृश्यही त्यांच्याच रंगात दिसू लागते.

ऐकताना संगीत नेमके कोणत्या क्षणी सुरू होते, हे सर्वांत आधी टिपावे. दुःखद वार्ता पात्राला कळण्यापूर्वीच सूर उमटले, तर प्रेक्षक पात्राच्या आधी सावध होतो आणि त्याला धास्ती वाटू लागते. वार्ता कळल्यानंतर उमटलेले सूर मात्र पात्राला सोबत करतात. ऐकणारे बहुधा चालीकडेच लक्ष देतात, परंतु माझ्या मते निम्मा परिणाम या वेळेच्या निवडीत असतो.

अभ्यासासाठी सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’तील एक प्रसंग अवश्य घ्यावा. दीर्घ काळानंतर घरी परतलेला हरिहर आणलेल्या वस्तू दाखवत मुलीसाठी घेतलेली साडी पत्नी सर्वजया हिच्या हाती देतो. मुलगी आता या जगात नाही, हे त्याला ठाऊक नसते. सर्वजया कोसळते, तिचे तोंड उघडते, पण तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा तार सप्तकातला, म्हणजे उंच स्वरांतला टाहो उठतो. संगीत रविशंकर यांचे आहे. तारशहनाई हे गजाने वाजवायचे, धातूचा कर्णा जोडलेले तंतुवाद्य असल्यामुळे तिचा सूर मानवी गळ्याच्या अगदी जवळ जातो, तरीही तो कोणा एकीचा गळा राहत नाही. संगीताने येथे आक्रोशाला साथ दिलेली नाही, तर त्याची जागाच घेतली आहे, आणि म्हणून ते इतके असह्य होते.

यानंतर मुख्य सुरावट स्वतः गुणगुणून पाहावी. ती षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर विसावते की त्याच्या अलीकडेच थांबते, हे गाताना चटकन कळते. विसावा न मिळालेली सुरावट मनात हुरहूर ठेवून जाते. हीच सुरावट चित्रपटात पूर्वी आनंदाच्या प्रसंगी वाजली होती का, तेव्हा संपूर्ण वाद्यमेळ होता आणि आता एकटी बासरी उरली आहे का, हेही तपासावे.

शेवटी, चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला तीच रचना ऐकवून तिला काय वाटले ते विचारावे. तिच्या मनापर्यंत जे पोहोचले ते सुरांचे बळ मानावे. आपल्याला त्याहून अधिक जे जाणवले, ते कथेने आणि आपल्या स्मरणाने त्यात भरलेले असते.