मिस्त्री टिकवायचाय? आधी माप आणि हिशोब क्लिअर ठेवा

छोट्या कॉन्ट्रॅक्टर लोकांचं रडगाणं ठरलेलं, चांगला मिस्त्री मिळत नाही आणि मिळाला तर दोन स्लॅब झाले की दुसऱ्याच्या साइटवर दिसतो. रेट बाजारभावाचा हवाच, तिथे हात आखडणार असाल तर पुढचं वाचूच नका, पण माझ्या मते कारागीर जातो तो जास्त करून मापावरनं.

म्हणजे बघा, प्लास्टर अंगावर दिलंय, म्हणजे रोजावर नाही तर जेवढं काम तेवढे पैसे, ब्रासच्या (100 चौरस फुटांच्या) भावाने. बिलाच्या वेळी तुम्ही सगळी दारं-खिडक्या वजा करता, तो म्हणतो साहेब मग कडा कोणी केल्या, आणि तिथेच बिनसतं. हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. आयएस 1200 मध्ये, म्हणजे बांधकामाची मापं घ्यायच्या भारतीय मानकात, साधारण असं आहे की 0.5 चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग वजा करायचं नाही, 0.5 ते 3 चौरस मीटरपर्यंतचं भिंतीच्या एकाच बाजूचं वजा करायचं. शिवाय परांची कोण बांधणार, माल वर कोण चढवणार, क्युरिंगचं पाणी कोण मारणार, सगळं एका कागदावर लिहा, फोटो त्याच्या व्हॉट्सअॅपवर टाका. आणि माप घेताना टेपचं एक टोक त्याच्याच हातात द्या.

खर्ची, म्हणजे बिलाआधी घरखर्चाला द्यायचे पैसे, दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, न मागता. मोठी उचल देऊन माणूस बांधता येतो असं अजून बऱ्याच जणांना वाटतं, पण जाणारा उचल घेऊनच जातो राव.

वाळू आली नाही, इलेक्ट्रिशियनच्या झिऱ्या (वायरसाठी भिंतीतल्या खाचा) राहिल्यात, म्हणून अंगावरचा माणूस बसून राहिला तर त्या दिवसाची हजेरी तुम्ही द्या, चूक त्याची नाही ना. पुढची साइट कधी सुरू होतेय तेही आधीच सांगा, नाहीतर तो दुसरीकडे फोन लावणारच.

नवीन माणूस हवा असेल तर नाक्यावर बहुतेक बिगारीच मिळतात. टाइल्सवाला, फिटर हे ओळखीतूनच येतात, त्यामुळे तुमच्याच मिस्त्रीला नाहीतर टाइल्सच्या दुकानदाराला विचारा. आधी एकच बाथरूम द्या आणि पाणी ओतून ढाळ बघा.

90 दिवस कामाचा दाखला मागितला तर टाळाटाळ नको, त्यावरच बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होते आणि पोरांच्या शिष्यवृत्तीसारख्या योजना मिळतात. कुटुंब कॅम्पवर असेल तर दाराला कडी असलेला संडास आणि प्यायचं पाणी हे पहिल्या दिवसापासून पाहिजे. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था साइटवरच्या मुलांना शिकवतात, चौकशी करा.

सुट्टीवरनं भांडू नका. बिहारवाला छठला जाणार, मराठवाड्यातला पेरणीला जाणार, तुम्ही नाही म्हणालात तरी. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच तारीख विचारून परतीचं तिकीट तुमच्या खर्चाने काढा आणि त्या तारखांमध्ये स्लॅब धरूच नका.