खारघरात घर घेण्याआधी: डोंगरापासून खाडीपर्यंत एक फेरी

नवी मुंबईतल्या खारघरात घर बघायला आलेला माणूस बहुतेक वेळा एजंटच्या गाडीत बसतो, उत्सव चौकाला वळसा घालतो, दोन फ्लॅट बघतो आणि डोंगराकडे तोंड असलेल्या गॅलरीत उभा राहून भाव विचारतो. जुलैचा महिना असेल तर व्यवहार तिथेच अर्धा ठरतो. तो फ्लॅट उतारावर नेमका कुठे बसला आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. नळाला पाणी किती येणार, पार्किंगमध्ये पाणी साचणार का, रात्री खिडकी उघडी ठेवता येईल का, हे सगळं त्यावरच ठरतं. त्यामुळे एक दिवस काढून आधी जमीन बघावी.

पश्चिमेला पारसिकच्या रांगेतला खारघरचा डोंगर, पूर्वेला तळोज्याकडची खाडी, दक्षिणेच्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग, उत्तरेला तळोजा. या चौघांच्या मधलं खोलगट म्हणजे खारघर. डोंगराचा माथा सपाट आहे, त्यावर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. माथ्यावर पडलेला पाऊस ओढ्यांनी खाली येतो, पांडवकडा धबधब्यावरून तर १०७ मीटर कोसळतो, आणि सेक्टरांमधल्या नाल्यांतून खाडीकडे जातो. हे पाणी कुठून कुठे जातं ते एकदा पायी चालून बघितलं, की नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेचा नकाशा वाचायला सोपा जातो.

सेक्टरच्या नंबरांवर फार विसंबू नका. नंबर ओळीने लागत नाहीत, त्यामुळे रिक्षावाल्याला चौक किंवा वसाहत सांगावी: उत्सव चौक, शिल्प चौक, सेंट्रल पार्क, घरकुल, स्पॅगेटी, वास्तुविहार, केंद्रीय विहार. सिडकोच्या वसाहतींची नावं इथे पत्त्यासारखीच चालतात. सेक्टर ३६ म्हटलं तर लगेच "व्हॅलीशिल्प की स्वप्नपूर्ती?" असा प्रश्न येतो, कारण दोन्ही तिथेच आहेत.

कचेऱ्यांचाही घोळ आधीच समजून घ्या. खारघर नवी मुंबईत आहे, पण नवी मुंबई महापालिकेत नाही. जिल्हा रायगड, तालुका पनवेल, महापालिका पनवेलची (१ ऑक्टोबर २०१६ पासून). पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. गाडीची नोंदणी एमएच ४६, पिन ४१०२१०. लोकसभेला मतदान मावळसाठी. घराचा करार, कर आणि पाण्याची तक्रार अशी तीन कामं तीन दारांत न्यावी लागतात, आणि वाशीला जाऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला दुपारी कळतं की हे काम पनवेलचं होतं.

फेरी कामाच्या दिवशी ठेवा. रविवारी रस्ते मोकळे असतात, वेळेचा अंदाज खोटा येतो. सकाळी सव्वाआठला त्या इमारतीच्या गेटवर उभे राहा आणि तिथून स्टेशनला जाऊन बघा. खारघर स्टेशन महामार्गाच्या पलीकडे आहे, त्यामुळे शेअर रिक्षा मिळण्याची वाट आणि महामार्गाजवळची कोंडी, दोन्ही वेळ मोजा. पनवेलहून निघालेली हार्बर लोकल खांदेश्वर आणि मानसरोवर घेऊन येते, म्हणजे खारघरला बसायला जागा मिळेल असं धरून चालू नका.

दुसरा मार्ग मेट्रोचा. बेलापूर ते पेंधर ही ११.१ किलोमीटरची, ११ स्थानकांची लाईन १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. ती उत्सव चौक, केंद्रीय विहार, सेंट्रल पार्क, पेठपाडा अशी खारघरच्या पोटातून जाते, पण खारघर रेल्वे स्टेशनला लागत नाही. जाहिरातीतलं "मेट्रो आणि रेल्वे दोन्ही जवळ" हे वाक्य इथे तपासून घ्यावं लागतं. मेट्रोने गेलात तर लोकल बेलापूरला पकडायची. त्यात एक फायदा आहे: बेलापूरहूनच सुटणाऱ्या काही लोकल असतात, त्यात बसून जाता येतं. सेंट्रल पार्कच्या पुढे राहणाऱ्यांना हाच मार्ग बरा. शेवटची मेट्रो किती वाजता, हे स्थानकावरच विचारून घ्या. ठाण्याला नोकरी असेल तर ट्रान्सहार्बरची पनवेल-ठाणे गाडी खारघरलाच मिळते.

परत आल्यावर इमारतीपासून सर्वात जवळचा नाला शोधा. पुलावर उभे राहा. कठड्याच्या गजांत, काठावरच्या झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या किती उंचीवर आहेत ते बघा. गेल्या पावसाळ्यात पाणी तिथवर चढलं होतं. आता इमारतीचं जोतं त्या उंचीच्या वर आहे की खाली, एवढंच डोळ्यांनी जुळवायचं. मग पार्किंगमध्ये जा. खांबांना नवा रंग असेल तर तळाशी, कोपऱ्यात, जिन्याखाली बघा, चिखलाची रेघ तिथे राहिलेली असते. वीज मीटरचे खोके किती उंचावर बसवलेत, तेही बघून घ्या. वॉचमनला थेट "पाणी भरतं का?" विचारू नका, तो नाहीच म्हणणार. "दादा, मागच्या पावसाळ्यात पंपाची मोटर किती वेळा वर काढली?" असं विचारा. याचं उत्तर खरं येतं.

पाण्याचा धोका खाडीच्या बाजूला वेगळा आणि डोंगराच्या बाजूला वेगळा. खाडीकडच्या सेक्टरांत भरती आडवी येते: पाऊस जोराचा, त्याच वेळी मोठी भरती, की नाल्याचं पाणी खाडी घेत नाही आणि उलटं थांबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या येतात, त्या तारखा पावसाळ्याआधीच छापल्या जातात. तास-दोन तासांत ओहोटी लागली की पाणी उतरतं. डोंगराकडे पाणी साचत नाही, वेगाने येतं. खाली रिमझिम आणि माथ्यावर मुसळधार असं असेल, तर कोरडा दिसणारा ओढा काही मिनिटांत अंगावर येतो. पांडवकड्यावर आणि आसपासच्या ओढ्यांत दर पावसाळ्यात जीव जातात ते यामुळेच. वन खातं पावसाळ्यात तिथे प्रवेश बंद करतं. ती बंदी मनापासून पाळा, पाहुण्यांनाही नेऊ नका. धबधबा लांबूनही पूर्ण दिसतो.

डोंगराच्या पायथ्याची इमारत असेल तर मागची संरक्षक भिंत नीट बघा. भिंतीत ठरावीक अंतरावर पाणी बाहेर पडायला पाइपची छिद्रं हवीत आणि ती मोकळी हवीत. मातीने बुजली असतील तर पाण्याचा दाब भिंतीमागे साठतो. पावसात त्यातून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर भिंतीमागची माती वाहून चालली आहे, सोसायटीने इंजिनियरला बोलवायला हवं. तळमजला आणि पहिला मजला घेणाऱ्यांनी मोरीच्या जाळ्या घट्ट बसवाव्यात. पहिल्या पावसात साप बिळांतून बाहेर पडतात, त्यात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे विषारी असतात. प्रतिसर्पविष ठेवणारं जवळचं रुग्णालय आधीच विचारून नंबर दाराआड चिकटवा. दंश झाला तर जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ रुग्णालय.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उन्हाळ्यात कळतो. खारघरला सिडकोचं पाणी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणातून येतं. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरण वेगळं, त्याच्या बातम्या वाचून इथला अंदाज बांधू नका. जलवाहिनीच्या टोकाला दाब कमी पडतो, म्हणून शेजारच्या दोन सेक्टरांतही फरक असतो. हिशेब असा करा: माणशी रोज १३५ लिटर. ४० फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर २१,६०० लिटर. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एप्रिल आणि मे महिन्याची पाण्याची बिलं मागा. रोजचं सरासरी १४,००० लिटर येत असेल तर तूट ७,६०० लिटरची, म्हणजे जवळजवळ रोज १०,००० लिटरचा एक टँकर. तो खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा काढतात, ते लेखी विचारा. सकाळी सहाला तळटाकीचं झाकण उघडून किती भरली आहे ते बघू दिलं, तर ती सोसायटी बहुधा सरळ आहे.

रात्री पुन्हा या. तळोजा एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून येणारा रासायनिक वास दिवसा जाणवत नाही. थंडीत रात्री वारा पडतो, गार हवा खोलगटात बसून राहते आणि वास तिच्याबरोबर. तळोज्याकडच्या सेक्टरांत घर बघत असाल तर रात्री अकराला आणि पहाटे पाचला खिडकी उघडून दहा मिनिटं उभे राहा. एका रात्रीत नाही कळलं तर दोन रात्री जा. दमेकरी घरात असेल तर ही पायरी टाळू नका.

कागदांत इथली खास गोष्ट म्हणजे जमीन. सिडकोची जमीन मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली असते, त्यामुळे जुना फ्लॅट घेताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क कोण भरणार, हे टोकन देण्याआधी ठरवा. बऱ्याच लहान इमारती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहेत. ज्यांची शेतं नवी मुंबईसाठी गेली त्यांना विकसित जमिनीचा हा वाटा मिळाला. त्यामागे शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं १९८४ सालचं जासई गावचं शेतकऱ्यांचं आंदोलन आणि त्यात पडलेले पाच बळी आहेत. अशा प्लॉटवर सिडको, मूळ शेतकरी आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार मागा. त्यात मूळ वारसांपैकी कुणाची सही राहिली असेल तर पुढे कर्ज अडतं. गावठाणालगतच्या, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायची अधिकृत परवानगी) नसलेल्या इमारती स्वस्त पडतात. तिथे सहसा बँक कर्ज देत नाही आणि कारवाईची टांगती तलवार राहते, घेऊ नयेत असंच स्पष्ट सांगू. पनवेल महापालिकेने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितल्यावर बराच वाद झाला होता, काही घरांची जुनी बाकी अजून डोक्यावर असू शकते. शेवटची पावती बघितल्याशिवाय सही नको. भाड्याने घेत असाल तर करार नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.

बेलपाडा, कोपरा, मुर्बी, पेठ, ओवे, खारघर ही गावं सेक्टरांच्या आधीपासून इथे आहेत आणि टॉवरांच्या मधे अजून नांदतात. गावाला लागून घर असेल तर लग्नसराईत आगरी हळदीच्या रात्री आवाज असणार, हे धरून चला. तक्रारीचा फोन फिरवण्याआधी गावात जाऊन दोन शब्द बोला. पुढच्या हळदीला तुम्हालाच आमंत्रण येतं, आणि नळाचं पाणी दोन दिवस आलं नाही तर कोणत्या वॉल्व्हवर काय झालंय हे गावातलाच कुणीतरी आधी सांगतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाड्यांवरच्या बायका रानभाज्या घेऊन खाली उतरतात. शेवळं सर्वात आधी आणि थोडेच दिवस, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. शेवळं घेतली तर सोबत काकडं (आंबट रानफळं) मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. कशी करायची ते मावशी तिथेच सांगतात, घासाघीस करू नका.